शर्यतीचे पॅड की रस्त्याचे? इंदूरला स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यासाठी

ब्रेकचे पॅड संपत आलेत, रोटरच्या (म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, जिला पॅड आवळतात) कडेला झिजून बोटाला लागेल एवढा काठ उभा राहिलाय, म्हणजे आता पॅड आणि रोटर एकदमच बदलायचे. अशा वेळी हमखास मनात येतं की खर्च होणारच आहे तर पुन्हा कंपनीचंच कशाला, जरा वरचं काहीतरी बसवू. मग रात्री जेवणं झाली की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि चार दिवसांत माणूस आधीपेक्षा जास्त गोंधळतो. इंदूरला आता अशा गाड्या काही अप्रूपाच्या राहिलेल्या नाहीत. ओळखीतल्या दोघांतिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझी गाडी बीएमडब्ल्यू झेड4, 35आय, जुनी घेतलेली. टप उघडं करून फिरायची गाडी. हे उघडं टप पुढे निर्णयात बरंच आडवं येतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं. तिच्यावर मी दोन्ही संच चालवले आहेत. एक शर्यतीकडे झुकणारा, कडक मिश्रणाचा पॅड आणि त्याबरोबर खाचा पाडलेले रोटर. दुसरा जोरात चालवणाऱ्यांसाठीचा, पण मुळात रस्त्याचाच पॅड आणि साधे सपाट रोटर. तापमान मोजायची यंत्रं माझ्याकडे नाहीत. पाय, कान आणि नाक एवढ्याच भांडवलावर हे लिहितोय, तेव्हा त्या हिशेबानेच घ्या.

दोन्ही संचांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण त्याने उलट दिशाभूल होते. एकाच कंपनीकडे दोन्ही टोकांचा माल असतो. ईबीसी तर रंगांवरूनच ओळखायला लावते: लाल म्हणजे कमी धूळ सोडणारा सिरॅमिक, पिवळा म्हणजे जोरदार रस्ता आणि थोडाफार ट्रॅक. फेरोडो 1897 पासून घर्षणाचाच धंदा करतेय. तिच्याकडे डीएस2500 सारखा रस्त्यावर खपून जाणारा पॅडही आहे आणि डीएस3000 सारखा सरळ शर्यतीचाही. त्यामुळे ‘अमक्या कंपनीचे पॅड कसे आहेत’ या प्रश्नाला उत्तर नाही. त्या कंपनीचं कुठलं मिश्रण, आणि ते किती तापमानापासून किती तापमानापर्यंत काम करतं, हे विचारायचं. वरचा आकडा सगळेच विचारतात. मी खालच्या आकड्यावर जास्त लक्ष देतो, कारण इंदूरला गाडी दिवसभर त्याच आकड्याच्या आसपास असते.

आता आपल्याकडचे रस्ते. बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर ब्रेकचा कस लागतो असं मला वाटत नाही. एखादा जोरदार ब्रेक कुठलाही पॅड सांभाळतो. खरी परीक्षा माळव्यातून निमाडात उतरताना होते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे सकाळी महूवरून जाम गेटच्या घाटाने अहिल्याबाईंच्या गावाला जायचं तर गाडी निव्वळ चारशे मीटर खाली येते. माझ्यासारखी, दोन माणसांसकट पावणेदोन टनांची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे 69 लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तीच गाडी ताशी 100 वरून एकदा पूर्ण थांबवायला पावणेसात लाख लागतात. म्हणजे महेश्वरला पोचेपर्यंत, वळणांचे ब्रेक सोडून, नुसत्या उताराचेच दहा पूर्ण थांबे झाले.

अर्थात ही सगळी ऊर्जा पॅडवर येत नाही. वाऱ्याचा अडथळा आणि इंजिन मिळून तिचा बराच वाटा उचलतात, गिअर खालचा ठेवला तर आणखीनच. राऊ-खलघाट चौपदरीवरच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. तिथे भार प्रचंड असतो आणि घाट न्यूट्रलवर उतरायची खोड असते. आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये शहाण्यासारखी उतरली तर तिला शर्यतीच्या पॅडची गरज नाही, हे आधीच कबूल करायला हवं. पण स्पोर्ट्स कार घेणारा माणूस जाम गेटला दर वेळी शहाण्यासारखा उतरतोच असं नाही, आणि हा लेख त्याच माणसासाठी आहे.

तर शर्यतीचा पॅड. त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. घाटात दोन वळणं झाली, पॅड जरा तापला, की पायाखाली जे काही येतं ते दुसऱ्या कुठल्याही पॅडने मला दिलेलं नाही. जेवढं दाबाल तेवढंच लागतं. आणखी केसभर दाबा, केसभर जास्त. वरच्या वळणावर जसा ब्रेक लागला तसाच तळाच्या वळणावर. खाली सपाटीवर येऊन गाडी उभी केली तर वास नाही, धूर नाही. पॅडमधली राळ जास्त तापली की तिच्यातून वायू सुटतो, तो पॅड आणि रोटरच्या मध्ये येतो आणि मग कितीही दाबलं तरी गाडी रुळावरून घसरत असल्यासारखी पुढेच जात राहते. रस्त्याच्या साध्या पॅडला ही वेळ साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे येते. शर्यतीच्या पॅडची रेघ त्याच्या खूप वर असते, आणि जाम घाटात माझ्याकडून तरी ती ओलांडली गेली नाही.

थंडपणी मात्र हाच पॅड निराळा वागतो. डिसेंबरात सकाळी पार्किंगमधून गाडी काढली की सोसायटीच्या फाटकाशी पहिला ब्रेक असतो. तो ब्रेक लागतो, पण उशिरा लागतो आणि जास्त दाबून लागतो. ज्यांना माहीत आहे ते आधीपासून पाय ठेवतात. घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्याला हे सांगून ठेवावं लागतं. मला याची सवय झाली, त्यामुळे यावरून मी पॅड बदलला नसता.

धुळीवरूनही नसता. शर्यतीचा पॅड रोटर खातो आणि स्वतःही झिजतो; त्याची लोखंडी धूळ चाकांवर बसते, वर पावसाचं पाणी पडलं की गंजून रंगात रुतते. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात काळी चाकं घेऊन फिरायला जरा ओशाळल्यासारखं होतं, पण धुतली की जातात. युरोपात आता यालाही कायदा लागणार आहे. युरो 7 च्या नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांना साध्या गाड्यांसाठी किलोमीटरला 7 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. आपल्याला सध्या बादली आणि फडकं पुरे.

मला हरवलं ते आवाजाने.

ब्रेकचा आवाज येतो म्हणजे काय, हे सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, त्यामुळे दुकानदार ‘थोडी आवाज आएगी’ म्हणाला की आपण मान डोलावतो. थोडी म्हणजे किती आणि मुख्य म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलेलं नसतं. ताशी 80 वरून ब्रेक मारला तर हा पॅड गप्प असतो. घाटात गप्प असतो. तो बोलतो ते गाडी ताशी पंधराच्या खाली आली, पाय हलका पडला आणि पॅड थंड असला की. म्हणजे सिग्नलला. म्हणजे पलासियाला, गीता भवनला, राजवाड्याच्या बाजूला गर्दीत सरकताना, रस्त्यावर माणसं हाताच्या अंतरावर उभी असताना. गाडी उभी राहायच्या शेवटच्या दोन मीटरांत जो चिरका सूर निघतो तो शाळेत पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढल्यावर निघायचा त्याच जातीचा, आणि कारणही तेच: चिकटणं, सुटणं, पुन्हा चिकटणं, सेकंदाला हजारो वेळा. माणसाचा कान 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि ब्रेकची कुरकुर नेमकी तिथेच घर करते.

नुसता आवाज असता तरी मी सोसला असता. पण आपल्याकडे ब्रेक किंचाळला याचा एकच अर्थ सगळ्या जगाला पाठ आहे: पॅड संपलेत आणि मालक चिंगूस आहे. आणि इंदूरची माणसं हे मनात ठेवत नाहीत. टप उघडं, गाडी बुटकी, शेजारी रिक्षा. रिक्षावाला वरून वाकून आपुलकीने सांगणार, “भिया, ब्रेक लेदर घिस गए आपके, चेंज करवा लो.” पंपावरचा पोरगा तेच सांगणार. वॉचमनने तर ओळखीच्या एका मिस्त्रीचा नंबर चिठ्ठीवर लिहून आणून दिला. सहाशे रुपयांत चारही चाकं करून देतो म्हणाला. कंपनीच्या पॅडपेक्षा कितीतरी महाग पॅड, आयातशुल्क भरून, आठवडेच्या आठवडे वाट पाहून मागवलेला, आणि अख्खं गाव समजतंय की याच्याकडे ब्रेकला पैसे नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून सल्ला दिला, “एवढी महागाची गाडी घेतलीस रे, चाकांत जरा तेल का नाही सोडत?” (ब्रेकला तेल सोडू नये, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.) आईने तर गाडीत बसणंच सोडलं. “खजराण्याच्या गणपतीला मला असं वाजतगाजत नको नेऊस,” म्हणाली.

उपाय केले नाहीत असं नाही. पॅडच्या दोन्ही कडा कानशीने उतरत्या केल्या, म्हणजे रोटरची धार एकदम पॅडच्या कोपऱ्यावर येत नाही. पॅडच्या पाठीमागे सिरॅमिक ग्रीस, पत्र्याचा शिम नवा. माझ्या गाडीचं पुढचं कॅलिपर, म्हणजे पॅड रोटरवर दाबणारा चिमटा, दोन पिनांवर सरकणारं आहे. त्या पिना काढून साफ केल्या, रबरी बुश बदलले. प्रत्येक उपायाने फरक पडला आणि प्रत्येक फरक थोडेच दिवस टिकला. सगळ्यांत गुणकारी उपाय म्हणजे बायपासला जाऊन पाचसहा कडक ब्रेक मारून पॅड तापवून आणणं. त्यानंतर त्या संध्याकाळपुरती गाडी अगदी शहाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पुन्हा सूर लागलेला. यात पॅडचा दोष नाही, तो ज्या तापमानासाठी बनवलाय ते त्याला आपल्या शहरात भेटतच नाही.

तुमच्या गाडीचं कॅलिपर वेगळं, चार किंवा सहा पिस्टनचं असेल, किंवा काचा बंद करून एसीत बसत असाल, तर तुमचा अनुभव याहून सौम्य असू शकतो. पोर्शेवाल्या एका मित्राकडे याच जातीचा पॅड आहे आणि तो म्हणतो की त्याला काही त्रास नाही. मी त्याच्या गाडीबाहेर उभा राहून ऐकलंय. माझं मत वेगळं आहे. पण गाडी त्याची आहे.

आता रस्त्याचा पॅड. हा लावल्यावर पहिल्या दिवशी काहीसा भ्रमनिरास होतो, हे सांगायला हवं. शर्यतीच्या पॅडची ती मोजून मापून देण्याची लकब याच्यात नाही. सुरुवातीचा चावा, म्हणजे पहिली पकड, चांगला जोरात, किंबहुना थंडपणी त्याच्याहून सरस. पण पुढे पायाला थोडं धूसर वाटतं. जाम घाट मनसोक्त उतरून खाली आलं की वास येतो. जळका, राळेचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी गाडी उभी न करता मंडलेश्वरच्या रस्त्याने तशीच सावकाश चालवत नेली, वाऱ्याने थंड होऊ दिली. गरम रोटरवर पॅड आवळून उभं राहिलं की त्या जागी पॅडचं मिश्रण चिकटतं आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला रोटर वाकडा झाला म्हणतात. बहुतेक वेळा रोटर सरळच असतो, त्याच्यावर थर असमान बसलेला असतो.

वास आला तरी ब्रेक गेला नाही, हे महत्त्वाचं. तळाच्या वळणांवर पाय थोडा जास्त लागला, एवढंच. या वर्गातले चांगले पॅड साधारण पाचशे अंशांपर्यंत धरून राहतात, आणि सार्वजनिक घाटात, जिथे पुढच्या वळणामागे कणसं विकणारा उभा असू शकतो, पावसाळ्यात तर जाम गेटला धुक्यात अर्धं इंदूर उतरलेलं असतं, तिथे पाचशेच्या वर रोटर नेण्याइतकं चालवायला जागाही नाही आणि तोंडही नाही. भेरूघाटात तर ट्रकांच्या मागे इतकं रखडावं लागतं की कुठल्याच पॅडची परीक्षा होत नाही, फक्त चालकाच्या संयमाची होते.

आणि हा पॅड पलासियाला गप्प असतो. पावसात एखाददुसऱ्या सकाळी, रोटरवर रात्रभरात आलेला तांबूस थर निघेपर्यंत, दोन ब्रेक खरखरतो, मग गप्प. रिक्षावाले पुन्हा गाडीची किंमत आणि अॅव्हरेज विचारायला लागले.

रोटरबद्दल लोकांची मतं पॅडपेक्षा ठाम असतात, बहुधा चाकाच्या फटीतून पॅड दिसत नाही आणि रोटर दिसतो म्हणून. भोकं पाडलेला रोटर दिसायला देखणा, पाण्यात पहिला चावा किंचित लवकर, वजन थोडं कमी. मूळ हेतू पॅडमधून सुटणाऱ्या वायूला वाट करून देण्याचा होता. आजची मिश्रणं पूर्वीइतका वायू सोडत नाहीत. उलट पुनःपुन्हा तापून थंड झाल्यावर भोकांच्या कडेपासून केसासारखे तडे सुरू होतात. बारीक असेपर्यंत ते चालतात, पण दोन भोकं जोडणारा किंवा बाहेरच्या कडेला पोचलेला तडा दिसला की रोटर भंगारात. आपल्याकडे यात एक स्थानिक भर आहे: काळी माती. पावसाळ्यात महूच्या पुढे कुठल्याही शेताजवळून गाडी गेली की ती माती भोकांत बसते, ब्रेकच्या उष्णतेने भाजते आणि काडीने कोरून काढावी लागते. एका स्नेह्यांना मी हे करताना पाहिलंय, दर रविवारी.

खाचांचे रोटर मी स्वतः वापरले. तडे कमी, पॅडचा वरचा जळका थर खरवडला जातो, पायाला पकड ताजी लागते. त्याची किंमत म्हणजे पॅड लवकर संपतो आणि जोरात ब्रेक मारला की खालून एक घुमणारा घर्र आवाज येतो. तो मला आवडायचा, खरं सांगायचं तर. पण रस्त्याच्या पॅडबरोबर खाचांचा फायदा मला तरी जाणवला नाही. सपाट रोटरमध्ये लोखंड सगळ्यांत जास्त, म्हणजे उष्णता शोषायला जागा सगळ्यांत जास्त, शिवाय किंमत कमी आणि पुढच्या वेळी मिळण्याची खात्री. मी पुन्हा सपाटच घेतले. दिसायला साधे आहेत. गाडीच्या चाकांशी बसून रोटर न्याहाळणारे लोक आयुष्यात फार थोडे भेटतात, आणि जे भेटतात त्यांना सपाट रोटरचं कारण कळतं.

कार्बन-सिरॅमिक रोटरचा विचार सोडून द्या. ज्या गाडीला ते कारखान्यातूनच आले असतील तिचा मालक हा लेख वाचत नसणार.

एक गोष्ट मात्र रोटर घेताना बघाच. आतल्या पंख्या वक्र असतील तर डावा-उजवा वेगळा असतो. पंख्या फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेल्या हव्यात, म्हणजे मधली हवा बाहेर फेकली जाते. बाहेरच्या खाचांवरून दिशा ठरवू नका, आत डोकावून पंख्या बघा. आमच्या मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे, पण त्यांनीही खाचा बघून उलटे धरले होते.

पॅड-रोटरच्या या सगळ्या वादात ब्रेक ऑइल विसरलं जातं आणि माझ्या मते घाटासाठी पहिला पैसा तिथे जावा. जोरात उतरून आल्यावर दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि लोक त्या एकच समजतात. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड थकला. पॅडलच खोल जातंय, दोनदा दाबल्यावर वर येतंय, तर ऑइल उकळलं. दुसरी तक्रार असताना कितीही महाग पॅड घातला तरी काही होणार नाही. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान 230 अंश हवा, असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलला तोच दंडक 155 वर येतो. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. आपला पावसाळा आणि गाडी उभी राहण्याचे दिवस धरले तर ओल मुरायला वेळ लागत नाही. बीएमडब्ल्यूने दोन वर्षांची मुदत दिलेली आहे. घाटात जाणाऱ्याने दर पावसाळ्यानंतर बदललं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मोतुल आरबीएफ 600 सारखं ऑइल कोरडं असताना 312 अंशांपर्यंत तग धरतं, आणि त्याचा खर्च रोटरच्या एका जोडीपुढे काहीच नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला घाटासाठी मोठे ब्रेक हवे होते. ऑइल बदललं आणि विषय संपला.

मग शर्यतीचा पॅड घ्यायचा कुणी? ज्याला खरोखर ट्रॅकवर जायचं आहे त्याने. जवळ पीथमपुरात नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, पण तो लंबगोल आहे. तिथे वेग धरून ठेवायचा असतो, शेवटी एकदा थांबायचं असतं. ब्रेकचा खरा जाळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर होतो. 5.125 किलोमीटरची फेरी, लांबलचक सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला ताशी 200 च्या पुढून एकदम खाली यायचं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि हे दर फेरीला. तिथे रस्त्याचा पॅड दोनचार फेऱ्यांत हात टेकेल, याबद्दल मला शंका नाही. तिथे आवाजाचं कुणाला काही पडलेलंही नसतं.

अशा माणसाने दोन संच ठेवावेत असं मला वाटतं. रस्त्याचे पॅड लावून जायचं, तिथे पोचून पॅड बदलायचे, परत येताना पुन्हा रस्त्याचे. माझ्या गाडीत हे काम पान्यांची सवय असलेल्याला अवघड नाही. फक्त एक अडचण आहे: प्रत्येक मिश्रण रोटरवर आपला थर बसवतं, आणि एकाच्या थरावर दुसरं मिश्रण नीट बसत नाही, थरथर सुरू होते. म्हणून दोन्ही संच एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे घ्यायचे, नाहीतर रोटरही दोन जोड. दुसरा पर्याय जास्त खर्चाचा वाटतो, पण ट्रॅकवर रोटर तसाही लवकर संपतो.

दोन्हीपैकी काहीही बसवलं तरी पॅड-रोटरची ओळख करून द्यावी लागते, आणि गॅरेजमध्ये ती कुणी करून देत नाही. पहाटे, रस्ता मोकळा असताना, मागे कुणी नाही हे बघून ताशी 80 वरून 20 पर्यंत आठदहा चांगले दमदार ब्रेक, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग पंधरावीस मिनिटं ब्रेक न लावता सावकाश फिरवून थंड करायचं. नवा पॅड पहिल्यांदा तापताना जरा वास देतो, पकडही क्षणभर ढिली वाटते. तेवढं चालतं. हे न करता सरळ गर्दीत गाडी घातली तर रस्त्याचा पॅडसुद्धा किंचाळायला लागतो, आणि मग दोष पॅडला दिला जातो.

मागवताना आणखी दोन बारीक गोष्टी. झिजेची सूचना देणारा सेन्सर माझ्या गाडीला पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे आहे. शर्यतीच्या बऱ्याच पॅडना त्यासाठी खाचच नसते, मग सेन्सर बांधून ठेवावा लागतो आणि झीज डोळ्यांनी बघत राहावं लागतं. रस्त्याच्या पॅडला खाच असते, पण सेन्सर वेगळा घ्यावा लागतो आणि तो एकदा घासला गेला की नवाच लागतो, म्हणून पॅडबरोबरच मागवून ठेवा. आणि रोटरवर कोरलेली किमान जाडी वाचून सध्याची मोजून घ्या. जुने रोटर अजून मिलिमीटरभर वर असतील आणि थरथर नसेल, तर या वेळी नुसते पॅड आणि ऑइल बदलून पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोटरचा खर्च टाळता येतो. मला तेवढी सवड मिळाली नाही, काठ फार वाढला होता.